पाचरीची गोष्ट

गेल्या श्रावणात माझी भाची एक फाइल घेऊन घरी आली. "मावशी, तू बी.ए.ला इतिहास घेतला होतास ना? मग ह्याचाही इतिहास काढ," म्हणाली. फाइलीत सोनोग्राफीचा कागद, रक्ताचे रिपोर्ट आणि दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या. एकीवर गर्भनिरोधक गोळी, दुसरीवर मधुमेहाची. मुलगी चोवीस वर्षांची, लग्न झालेलं नाही, मधुमेहही नाही. आक्का हबकूनच गेली होती. तिचा प्रश्न एकच, "हिला पुढं मूल होईल का नाही तेवढं सांगा." आजाराचं नाव पीसीओएस.

मी काही डॉक्टर नव्हे. पण ह्या दोन गोळ्या एकाच मुलीच्या वाट्याला कुठून आल्या, हे बघावंसं वाटलं.

1721 साली इटलीत वॅलिस्निएरी ह्यांनी एका तरुण शेतकरी बाईचं वर्णन लिहून ठेवलं आहे. अंगानं बऱ्यापैकी भरलेली, लग्न झालेली, मूल नाही. तिचे बीजकोश नेहमीपेक्षा मोठे, उंचसखल आणि कबुतराच्या अंड्यांसारखे पांढरे होते. पुढं दोनशे वर्षं ह्या बायकांना उपाय असा नव्हताच.

मग 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल ह्या दोन डॉक्टरांनी सात बायकांची हकीकत छापली. पाळी बंद किंवा अगदी तुरळक, काहींच्या अंगावर नको तिथं केस, बीजकोश फुगलेले. त्यांनी तपासणीसाठी म्हणून बीजकोशाचे तुकडे काढले होते, आणि त्यानंतर पाळी सुरू झाली! मग ते मुद्दाम पाचरीच्या आकाराचा मोठा तुकडा कापू लागले. लाकूड फोडताना घालतो ना, तशी पाचर. बीजकोशाचा अर्धा ते पाऊण भाग. सातही जणींची पाळी आली, दोघींना दिवस गेले. पुढं तीसेक वर्षं हाच उपचार चालला. पोट उघडून करायची शस्त्रक्रिया ती. नंतर कळलं की आतले व्रण एकमेकांना चिकटतात आणि बीजवाहिनीच अडकून बसते. मुलासाठी केलेली शस्त्रक्रिया कधीकधी मुलाचीच वाट बंद करायची.

ह्या सात जणींवरून मला एक लांबची चुलती आठवते. आमच्या आजीकडे पाळीचे तीन दिवस बाजूला बसायची रीत होती. चुलती वर्षातून दोन-तीनदाच बसायची. बाकीच्या बायका त्यावरून कुजबुजायच्या. हनुवटीवरचे केस ती पदरानं झाकायची. मूल झालं नाही, आणि तिला कुणी डॉक्टरकडंही नेलं नाही. तिच्यावर पाचर चालली नाही हे बरं झालं का वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

1961 मध्ये ग्रीनब्लाट ह्यांनी क्लोमिफेन ह्या गोळीनं अंडं बाहेर पडतं असं दाखवलं आणि चाकू मागं पडला. 1980 मध्ये ह्या बायकांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं हे लक्षात आलं. म्हणजे दुखणं नुसतं बीजकोशाचं नव्हतंच. सोनोग्राफीत दिसतात ते 'सिस्ट'सुद्धा गाठी नव्हेत, अर्ध्यात वाढ थांबलेल्या बीजांच्या पिशव्या आहेत. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. इन्सुलिनचा धागा धरून 1994 मध्ये व्हेनेझुएलातल्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन देऊन बघितलं. भाचीच्या दुसऱ्या चिठ्ठीवरची गोळी ती हीच.

मग गोळ्यांच्या तुलना सुरू झाल्या. 2007 मध्ये अमेरिकेत 626 बायकांवर तुलना झाली. नुसत्या क्लोमिफेननं 22.5 टक्के जणींना मूल झालं, नुसत्या मेटफॉर्मिननं 7.2 टक्के. 2014 मध्ये 750 जणींची तुलना झाली, त्यात लेट्रोझोल क्लोमिफेनच्याही पुढं गेली. लेट्रोझोल म्हणजे खरी स्तनाच्या कर्करोगावरची गोळी. आपल्या सरकारनं वंध्यत्वासाठी ती वापरायला 2011 मध्ये बंदी घातली होती, 2017 मध्ये उठवली.

आकडे वाचताना मी मध्येच थांबले. ह्या मोठ्या तुलनांत मोजलंय काय? मुलं. स्टाइनच्या सात जणींपासून इथवर बहुतेक वेळा प्रश्न तोच, माझ्या आक्काचा. भाचीला तर आत्ता मूल नकोच आहे. तिला चार-चार महिने पाळी येत नाही, आणि हनुवटीचे केस दर आठवड्याला काढावे लागतात. तिचा त्रास तो. पाळी अशी लांबत राहिली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, आणि वर्षानुवर्षं तसंच सोडलं तर पुढं कर्करोगाची भीती वाढते. एवढं मात्र तिला कुणी नीट समजावलं नव्हतं. गर्भनिरोधक गोळीनं हे अस्तर वेळच्या वेळी पडतं, केसही हळूहळू कमी होतात. अमेरिकेत ही गोळी 1957 साली आली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून परवानगी 1960 ची. मेटफॉर्मिन इन्सुलिन आणि साखरेच्या बाजूनं काम करते. म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या खोट्या नव्हत्या, दोघांनी दोन वेगळ्या दुखण्यांकडं बघितलं होतं.

हे सगळं मी भाचीला सांगितलं आणि म्हटलं, "तुझं दुखणं कुठलं, ते आधी तू ठरव." ती एकटीच परत डॉक्टरांकडं गेली. रक्तदाब तपासला, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का हे विचारलं, मग गोळी सुरू झाली. सकाळचं चालणंही. साखर सध्या ठीक आहे, म्हणून दुसरी गोळी तूर्त नाही. दरवर्षी तपासायचं ठरलंय.

आक्कानं गोळीचं पाकीट बघितलं आणि त्यावरचं नाव वाचलं. परवा निपाणीहून पाहुणे मुलगी बघायला येणार होते, तर ते तिनं मेथीदाण्याच्या डब्याच्या मागं ढकलून ठेवलं. पाहुणे गेल्यावर भाचीनं ते काढून परत आरशापाशी ठेवलं. ते आता रोज असं मागं-पुढं होतंय.