जोडेवाल्याची बायको आणि तिचे वाचक



ऐतिहासिक प्रणयकथेवर बोलायला एका कामगार कार्यकर्त्याला का उभे केले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. तेव्हा साहित्यशास्त्राची मोजपट्टी माझ्यापाशी नाही. मात्र एखादे पुस्तक वाचून माणसे का रडतात आणि का चिडतात, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. सभांतही मला हेच पाहावे लागते.

आज ज्या पुस्तकाच्या निमित्ताने बोलायचे आहे ते २०१२ साली अमेरिकेत निघाले. लेखिका आड्रियाना ट्रिजियानी, नाव ‘द शूमेकर्स वाइफ’, म्हणजे जोडेवाल्याची बायको. उत्तर इटलीत बेर्गामोच्या वर आल्प्सच्या कुशीत विल्मिनोरे आणि स्किल्पारिओ अशी दोन गावे आहेत. एका गावचा चीरो, मठात वाढलेला पोरका मुलगा. दुसऱ्या गावची एन्झा. एन्झाची धाकटी बहीण वारते आणि तिची कबर खणायला चीरो येतो, तिथे दोघांची पहिली भेट. पुढे नशीब दोघांनाही वेगवेगळ्या वाटांनी अमेरिकेत नेते. तो न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत जोडे शिवायला शिकतो. ती शिवणकाम करता करता मेट्रोपॉलिटन ऑपेरात पोचते आणि थोर गायक कारूझोचे पोशाख शिवते. मध्ये पहिले महायुद्ध येते. अखेर दोघे मिनेसोटातल्या चिझम या लोहखाणीच्या गावी संसार मांडतात आणि युद्धातल्या विषारी वायूने चीरोचा अकाली बळी जातो.

हे पुस्तक अमेरिकेत उदंड खपले. वाचकांत मात्र दोन तट पडले. एक म्हणतो, पुस्तक संपताना डोळे भरून आले, आजीची आठवण झाली. दुसरा म्हणतो, योगायोगांचा सुकाळ आहे, माणसे फार गोड आहेत, आणि एन्झा दुसऱ्याशी लग्नाला उभी असताना चीरो ऐन वेळी चर्चच्या दारात येतो नि ती त्याच्याबरोबर जाते, हे पटत नाही. त्या बिचाऱ्या नवऱ्या मुलाचे काय, असा प्रश्न वाचकांनी तावातावाने विचारला आहे. प्रश्न रास्त आहे.

ज्यांचे डोळे भरले त्यांना मी भाबडे म्हणणार नाही. ही कथा लेखिकेने आपल्या आजीआजोबांच्या आयुष्यावरून रचली आहे. आजीचे नाव लुचिया. तिचा जोडे शिवणारा नवरा तरुणपणीच गेला आणि चिझममध्ये शिवणाच्या जोरावर तिने मुले वाढवली. आपल्याकडे १९६२ साली रणजित देसायांची ‘स्वामी’ आली, तेव्हा रमा-माधवासाठी घरोघरी अश्रू वाहिले. पानिपतानंतरच्या राजकारणाची चर्चा त्या मानाने थोडीच झाली. वाचक इतिहासात शिरतो तो बहुधा माजघराच्या दाराने. त्यात कमीपणा नाही. पण माजघरातून ओसरीवर आणि तिथून रस्त्यावर त्याला कोणी नेते की नाही, हे पाहिले पाहिजे.

म्हणून मला वाटते, की चर्चच्या दारातले भांडण चुकीच्या दारात चालले आहे. प्रेमात योगायोग घडायचेच. माझी शंका मजुरीविषयी आहे. ही माणसे दिवसाला काय कमवीत, कोणापुढे वाकत, आणि वाकायचे नाकारले तर काय होई?

१८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांच्या आसपास इटालियन अमेरिकेत उतरले. एकट्या १९०७ साली पावणेतीन लाखांहून अधिक. त्यांतले बहुसंख्य चीरो-एन्झासारखे उत्तरेचे नव्हते, दक्षिणेचे होते: सिसिली, कालाब्रिया, नेपल्सच्या आसपासचे भूमिहीन शेतकरी. कित्येकजण चार पैसे गाठीला बांधून परत गेले. त्यांना काम मिळवून देणारा दलाल असे, त्याला ‘पाद्रोने’ म्हणत. तो कामाला लावी, वर त्याचे दाम मजुरीतून कापून घेई. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर दस्तुरी घेई, हे ज्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकले आहे त्यांना हा पाद्रोने वेगळा समजावून सांगायला नको.

आता सुईचे पाहा. एन्झाच्या हातात सुई आहे. त्याच न्यूयॉर्कात २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडायचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले, त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. मालकांवर खटला झाला, ते सुटले. पुढच्याच जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावी कायद्याने बायकामुलांचे तास आठवड्याला ५६ वरून ५४ वर आले आणि गिरणीमालकांनी त्या दोन तासांची मजुरी कापली. अनेक भाषा बोलणारे हजारो कामगार बाहेर पडले. ॲना लोपिझो ही इटालियन कामगार स्त्री गोळीने मेली. खुनाला चिथावल्याचा आळ आला एटर आणि जोव्हानित्ती या दोन इटालियन पुढाऱ्यांवर, जे त्या जागी हजरच नव्हते. नोव्हेंबरात ते निर्दोष सुटले. संप मात्र मार्चमध्येच जिंकला होता. पोशाखांच्या जरीकाठाचे वर्णन वाचताना या सुया माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आणि चिझम! इथे मला थोडे थांबायचे आहे. चिझम ज्या मेसाबी लोहपट्ट्यात आहे, तिथल्या मोठमोठ्या खाणी पोलाद कंपन्यांच्या ताब्यात होत्या. १९०७ साली तिथे मोठा संप झाला. पेत्रिएल्ला नावाचा इटालियन संघटक त्यात पुढे होता. फिनलंडहून आलेले कामगार त्याचा कणा होते. संप मोडला आणि संपवाल्यांची नावे काळ्या यादीत गेली. नऊ वर्षांनी, जून १९१६ मध्ये, ऑरोरा गावच्या सेंट जेम्स खाणीत जो ग्रीनी या इटालियन कामगाराने पगाराचे पाकीट उघडले. ठरल्यापेक्षा पैसे कमी होते. त्याने हत्यार खाली ठेवले आणि खाणीत फिरून सोबत्यांना सांगितले. एका पाकिटातून सारा पट्टा पेटला!

कारण ते पाकीट एकट्याचे नव्हते. खाणीत उक्त्या कामाची पद्धत होती. दर ठरवणारा खाणीचा कप्तान. चांगल्या जागी नेमणूक हवी तर त्याचा हात ओला करावा लागे. कामगारांनी मागितले ते एवढेच: उक्ते काम बंद करा, दिवस आठ तासांचा करा, पगार महिन्यातून दोनदा द्या, आणि रोज उघड्या खाणीत पावणेतीन, कोरड्या भुयारात तीन, ओल्या भुयारात साडेतीन डॉलर द्या. ओल्या भुयाराचा दर निराळा मागणारा माणूस पाण्यात उभा राहिलेला असतो, हे सांगायला पंडित लागत नाही. कार्लो ट्रेस्का हा इटालियन पुढारी मदतीला आला. जुलैच्या आरंभी बिवाबिक गावी पोलीस मदतनीस एका कामगाराच्या घरात शिरले, झटापटीत दोन माणसे मेली, आणि तिथे नसलेल्या ट्रेस्कालाही तुरुंगात घातले. डिसेंबरात तो सुटला, पण त्या घरातल्या तिघा कामगारांनी गुन्हा कबूल करायचा या अटीवर. सप्टेंबरात संप मागे घेतला होता. त्यानंतर थोड्याच काळात कंपन्यांनी मजुरी वाढवली.

चीरो आणि एन्झा चिझमला येतात ते युद्ध संपल्यावर. म्हणजे दुकानात जे बूट दुरुस्तीला येणार ते याच पायांतले. कादंबरीचा भर तिकडे नाही.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या चळवळीचे जे इतिहास लिहिले गेले, त्यांत ठरावांची कलमे आहेत, पण चूल फारशी नाही. या स्थलांतरितांच्या कित्येक बायका घरात बिऱ्हाडकरू ठेवून त्यांचा स्वयंपाक-धुणे करीत, आणि त्या पैशावर घर तरे. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बाईला कोणत्या संप-समितीच्या अहवालात जागा मिळाली? ट्रिजियानीबाईंनी पत्राची वाट, बहिणीची कबर, विधवेची शिलाई यांना जागा दिली. नातवंडांना आजी सापडली ती त्यामुळे. वाचकांनी या पुस्तकावर जीव लावला, त्याचे एक कारण हेच आहे असे माझे मत आहे.

पण अमेरिकेत जोडेवाल्याच्या आणखी एका इटालियन बायकोची हकीकत घडली आहे. निकोला साको १९०८ साली दक्षिण इटलीतून आला आणि मॅसॅच्युसेट्सच्या जोड्यांच्या कारखान्यांत तळव्याच्या कडा तासण्यात निष्णात झाला. १९१२ साली त्याने रोझिनाशी लग्न केले. ती उत्तरेची, तो दक्षिणेचा. कादंबरीकाराला याहून काय हवे? दोघे मिळून संपनिधीसाठी नाटकांत कामे करीत. मे १९२० मध्ये एका जोड्यांच्या कारखान्याचा पगार लुटून खून केल्याच्या आरोपावरून साको आणि त्याचा सोबती व्हान्झेत्ती यांना पकडले. त्या वेळी रोझिनाच्या पोटात दुसरे मूल होते; मुलगी जन्मली तेव्हा बाप तुरुंगात. सात वर्षे जगभर सभा झाल्या, अर्ज झाले. २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना विजेच्या खुर्चीत बसवले. पन्नास वर्षांनी, १९७७ साली, त्याच राज्याच्या गव्हर्नराने जाहीर केले की त्यांच्यावरचा खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता. रोझिनाने पुढे दुसरा संसार केला, मुले वाढवली, आणि खटल्याविषयी जाहीरपणे बोलणे कायमचे टाळले.