स्मृतिस्थानाची पायरी

एडवण हें पालघर तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. या तालुक्यांत दरवर्षीं १४ ऑगस्टला पांच हुतात्म्यांचें स्मरण केलें जातें. १९४२ सालीं त्या दिवशीं पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि सातपाटी, नांदगांव, मुरबें, सालवड व खुद्द पालघर येथील एकेक वीर धारातीर्थीं पडला. त्यांचा स्तंभ कोणत्याहि दुर्गम टेंकडीवर नाहीं. तो शहराच्या भर चौकांत उभा आहे. एडवणहून आलेल्या पांगळ्या वृद्धालाहि त्याचें दर्शन वाहनांतून घडतें.

सर्वच स्मारकांना हें भाग्य लाभलेलें नाहीं. मृताचा मान उंचीनें दाखविण्याची आपली रीत जुनी आहे. समाधीला चौथरा आणि चौथऱ्याला पायऱ्या असावयाच्याच! रायगडावर १६८० सालीं शिवछत्रपतींचें देहावसान झालें. तेथील समाधीच्या जीर्णोद्धारासाठीं १८९५ सालीं लोकमान्य टिळकांनीं चळवळ उभारली. तथापि ज्याचे पाय अधू, त्याला गडाची चढण दुस्तरच राहिली. १९९६ सालीं रज्जुमार्ग सुरू झाला व असे लोकहि गडावर पोहोंचूं लागले. पण पाळणा माथ्यापर्यंतच नेतो. समाधि जगदीश्वराच्या देवळापाशीं असून मधली वाट चालूनच जावें लागतें. म्हणजे सोय झाली ती अर्धीच.

कायद्याची गतिहि अशीच मंद. १९९५ च्या कायद्यानें सार्वजनिक जागीं उतार बांधण्यास सांगितलें, पण सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत. २०१६ च्या कायद्यानें सुगमता हा हक्क मानला. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचे किमान नियम बंधनकारक करण्याचा आदेश दिला.

वस्तुतः काम अवघड नाहीं. एक फूट चढावयास बारा फूट लांबीचा उतार लागतो. तीन फुटी चौथऱ्यास छत्तीस फूट. एवढी जागा पाया घालतांनाच राखावी लागते, मागाहून ती मिळत नाहीं. शिवाय अंधांसाठीं हुतात्म्यांचीं नांवें उठावाच्या ब्रेल लिपींत कोरतां येतात.

गोळीबारांत कांहीं पडतात, कांहीं जायबंदी होऊन उरतात. पडलेल्यांच्या स्मारकाशीं त्यांच्या जायबंदी सोबत्यालाच पायरीखालीं थांबावें लागलें, तर तो मान कोणाचा राखला?