शेजारचें पानगृह व त्याची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, असें आपण म्हणतों. परंतु ज्या घरांत जेवण मिळतें, मद्यहि मिळतें, आणि शिवाय आळींतले लोक जेथें चार घटका बोलत बसतात, त्याची परीक्षा केवळ ताटावरून करूं गेल्यास निकाल चुकण्याचा संभव फार. इंग्लंडांत ज्याला 'गॅस्ट्रोपब' म्हणतात, तें अशा प्रकारचें घर होय. नांव नवें असलें तरी त्याची कुळकथा जुनी आहे. आणि ती ध्यानांत घेतल्यावांचून त्याच्या गुणदोषांचा निवाडा करतां येत नाहीं.

इंग्लंडांतील पब हें नुसतें दारूचें दुकान कधींच नव्हतें. बातमी, सौदा, भांडण आणि समेट या सर्वांचें तें ठिकाण. म्हणूनच सरकारची नजर त्याच्यावर सतत राहिली. १५५२ सालीं, सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, जस्टिस ऑफ दि पीस यांच्या परवान्यावांचून कोणीं एल अथवा बिअर विकूं नये, असा कायदा झाला. १८३० मध्यें वारें उलट फिरलें. कर भरणाऱ्या कोणाहि गृहस्थास दोन गिनी भरून बिअर विकण्याची मुभा मिळाली, आणि हजारों घरांच्या पुढल्या खोल्यांचीं मद्यगृहें झालीं. १८६९ मध्यें हा सैल सोडलेला लगाम पुन्हां आंवळावा लागला.

पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, मद्याच्या व्यापारावर देखरेख ठेवण्यासाठीं एक मध्यवर्ती मंडळ नेमण्यांत आलें. कारखान्यांतील मजूर झिंगूं नयेत म्हणून मद्यगृहांना दुपारीं कुलपें लागलीं. युद्ध संपलें, पण कुलपें राहिलीं. रविवार वगळतां इतर दिवसांचीं कुलपें निघण्यास १९८८ साल उजाडावें लागलें. याच युद्धकाळांत कार्लाइल शहरीं एक विलक्षण प्रयोग झाला. जवळच ग्रेटना येथें दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना होता. म्हणून १९१६ पासून सरकारनें त्या भागांतील भट्ट्या व मद्यगृहें स्वतःच्या ताब्यांत घेतलीं. व्यवस्थापकाला पगार मिळे, पण दारूचा खप वाढवून त्याला लाभ होत नसे. उलट जेवणाला उत्तेजन देण्यांत येई. जेवलेला मनुष्य कमी पितो, हा त्यामागील हिशेब. ही व्यवस्था मोडण्याचा कायदा १९७१ सालीं झाला. म्हणजे पबांत ताट मांडण्याची कल्पना आजकालची नव्हे. एके काळीं तो मद्याला आळा घालण्याचा उपाय होता!

चांगल्या पबाची लक्षणें सांगण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न जॉर्ज ऑर्वेल यांनीं केला. हे लेखक १९०३ मध्यें बिहारांतील मोतीहारी येथें जन्मले. ९ फेब्रुवारी १९४६ रोजीं 'ईव्हनिंग स्टँडर्ड' पत्रांत त्यांनीं 'दि मून अंडर वॉटर' या पबाचें वर्णन लिहिलें. तेथें रेडिओ नाहीं, पियानो नाहीं; बोलणें ऐकूं येतें; वाढणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना नांवानें ओळखतात; मागें बाग आहे, तेथें मुलेंबाळें बसूं शकतात. दुपारचें जेवण माडीवर मिळतें, रात्रीचें मात्र मिळत नाहीं. शेवटीं ते सांगतात कीं, असा पब मुळीं अस्तित्वांतच नाहीं! त्यांच्या यादींत बिअरपेक्षां वातावरणाला मान मोठा होता, ही गोष्ट विसरतां कामा नये.

पुढें १९८९ मध्यें सरकारनें हुकूम काढला. ज्या बिअर कंपनीच्या मालकीचे २००० हून अधिक पब असतील, तिनें त्या संख्येवरील पबांपैकीं निम्म्यांना आपल्या बंधनांतून मोकळें करावें, अशी त्यांतील मुख्य आज्ञा. बाजारांत पुष्कळ पब आले. ज्यांच्यापाशीं उपाहारगृह थाटण्याइतकें भांडवल नव्हतें, अशा हौशी पाककुशलांना वाट मिळाली. १९९१ च्या आरंभीं मायकेल बेल्बेन व डेव्हिड आयर या दोघांनीं लंडनच्या फॅरिंग्डन रस्त्यावर 'दि ईगल' हा पब चालविण्यास घेतला. विजोड खुर्च्या, खडूनें पाटीवर लिहिलेले पदार्थ, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत चालणारी चूल, आणि मेजावर चादर नाहीं, असा तेथील थाट. जेवण उत्तम, तरी बसणें पबासारखेंच. गॅस्ट्रोपब हें नांव या घराला चिकटलें, आणि तेथून सर्वत्र पसरलें.

यश आलें, तसे सोंगाडेहि आले. २००१ मध्यें टिटली गांवच्या 'स्टॅग इन' या पबाला मिशेलिनचा तारा मिळाला. तो मान त्यापूर्वीं कोणत्याच पबाला मिळाला नव्हता. परंतु पुढें ज्यानें त्यानें पाटी लावली. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असा प्रकार इतका झाला कीं, २०११ मध्यें 'गुड फूड गाइड'नें हा शब्दच आपल्या पुस्तकांतून काढून टाकला.

येथें दोन्ही बाजू न्यायानें पाहिल्या पाहिजेत. चूल पेटली नसती तर कित्येक पबांची दारें कायमचीं बंद झालीं असतीं; आणि बंद दाराला वातावरण कसलें? जेथें एकट्या स्त्रीला पूर्वीं संकोच वाटे, तेथें ती मोकळेपणानें बसूं लागली, हाहि लाभ लहान नव्हे. पण दुसरी बाजू अशी : सारींच मेजें जेवणाऱ्यांसाठीं राखून ठेवलीं, आणि ताटाची किंमत आळींतल्या मजुराच्या ऐपतीबाहेर गेली, कीं घर तेंच राहून शेजार मात्र हरपतो.

तेव्हां परीक्षा करणारानें मांस किती मऊ शिजलें, हें अवश्य पाहावें. पण तेवढ्यावर थांबूं नये. समोरच्या घरांतला म्हातारा एकच पेला घेऊन खिडकीजवळ तासभर बसला, तर त्याला कोणी उठवतो काय, हेंहि पाहावें. त्याला उठवीत असतील, तर तें उपाहारगृह होय, आणि कदाचित् फार उत्तम उपाहारगृह असेल. पण पब हें नांव त्यानें सोडून द्यावें. त्याला बसूं देत असतील, आणि ताटहि चांगलें असेल, तर त्या घरानें जुनें व नवें दोन्ही राखलें, असा निर्वाळा देण्यास हरकत नाहीं.