साबणाचा साचा, औषधाची कुपी

साबण मळ कसा काढतो हे आपण वर्गात शिकवतोच. साबणाच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढले जाते, शेपूट पाण्यापासून दूर पळते. म्हणून पाण्यात शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी रेणूंची जुडी बनते. तिला मायसेल म्हणतात. अशा जुड्यांचा साचा करून औषधे वाहून नेणारा एक पदार्थ तयार झाला. त्याची ही हकिगत.

तेलशुद्धीकरणात झिओलाइट हे उत्प्रेरक वापरतात. पण त्यांची छिद्रे साधारण १ नॅनोमीटरपेक्षा लहान असल्याने मोठे रेणू आत शिरत नाहीत. १९९० साली जपानच्या वासेदा विद्यापीठात कुरोदा व सहकाऱ्यांनी थरांच्या सिलिकेटपासून मोठ्या छिद्रांची सिलिका बनवली. १९९२ साली अमेरिकेतील मोबिल कंपनीच्या क्रेस्गे, बेक आदींनी लांबट मायसेलभोवती सिलिका जमवली आणि भट्टीत साचा जाळून टाकला. उरले मधाच्या पोळ्यासारखे जाळे, एमसीएम-४१. या गटातील पदार्थांची छिद्रे १.५ ते १० नॅनोमीटरची होती. एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे!

गंमत पुढेच आहे. अशाच कृतीचे एक पेटंट अमेरिकेत १९७१ सालीच दिले गेले होते. त्यात नोंद होती ती हलक्या, फुसफुशीत सिलिकेची. १९९७ साली फ्रान्समधील संशोधकांनी ती कृती जशीच्या तशी करून पाहिली, तेव्हा हाती आली एमसीएम-४१च! पदार्थ बनला होता, पण त्याच्या आत काय आहे हे कोणी पाहिले नव्हते.

२००१ साली माद्रिदमध्ये मारिया व्हायेत-रेजी यांच्या गटाने या छिद्रांत आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक भरले. ते हळूहळू बाहेर पडत राहिले. मग लक्ष गेले कर्करोगाकडे. १९६६ साली वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळे केले होते. आपल्या सह्याद्रीतील नरक्यातही ते सापडते. ते कर्कपेशी मारते, पण पाण्यात विरघळत नाही. विरघळावे म्हणून त्याचा क्षार करून दिला, तर परिणाम कमी आणि अपाय फार. २००७ साली लॉस एंजेलिस येथील झिंक व तामानोई यांच्या गटाने ते सच्छिद्र सिलिकेच्या कणांत भरले आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींपर्यंत पोहोचवले.

मग ही कुपी दवाखान्यात का दिसत नाही? कारण बशीतील पेशी म्हणजे शरीर नव्हे. रक्तात सोडलेले बरेचसे कण यकृत व प्लीहा गाळून घेतात. सर्व प्रकारच्या नॅनोकणांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या मात्रेचे मध्यक मूल्य होते अवघे ०.७ टक्के. कुपी तयार आहे. ती योग्य पत्त्यावर पोहोचवण्याचे काम अजून बाकी आहे.