त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डीला

आमच्या धंद्यात पस्तिशी ओलांडली की माणूस 'सीनियर' होतो, आणि पंचेचाळिशीत तो अजून स्वतः कोड लिहितो म्हटलं की लोक त्याच्याकडे जरा दयेनंच बघतात. त्यामुळे कुणाचंही चरित्र वाचताना मला एक वाईट सवय लागली आहे. सालातून जन्मसाल वजा करायचं आणि वय काढायचं. मध्यंतरी ताराबाई मोडकांबद्दल वाचताना हेच केलं आणि थबकलो. जन्म १८९२. बोर्डीला बालशिक्षणाचं नवं काम सुरू केलं ते १९४५ साली. म्हणजे ५३ व्या वर्षी! त्या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान होतं जेमतेम ३२. (हो, बालमृत्यूंमुळे सरासरी खाली ओढली जाते, माहीत आहे. तरीसुद्धा...)

आणि गंमत म्हणजे तोवर त्यांचं एक अख्खं आयुष्य होऊन गेलं होतं. १९१४ सालची पदवी, अमरावतीच्या वकिलाशी लग्न, १९२१ मध्ये घटस्फोट (१९२१ मध्ये!), राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात नोकरी. मग १९२३ पासून भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीचं काम, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ, 'शिक्षण पत्रिका', पुढे दादरचं शिशुविहार. गिजुभाई १९३९ साली गेले. इतकं सगळं नावावर असताना बाई दादरला बसून भाषणं देत राहिल्या असत्या तरी इतिहासात नाव लागलंच असतं. त्यांना मात्र खेड्यातल्या गरीब पोरांपर्यंत जायचं होतं.

आता दुसरी बाई. अनुताई वाघ, जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. मग शिक्षिकेचं ट्रेनिंग, चांदवडकडे खेड्यातली शाळा, पुण्यात हुजूरपागेची नोकरी. ती सांभाळून रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं, तिथे ताराबाईंची गाठ पडली आणि अनुताई पुण्याची बरी चाललेली नोकरी सोडून बोर्डीला गेल्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरूच न झालेला. 'बाईचं आयुष्य' नावाचा जो साचा तेव्हा होता, त्यातून दोघी केव्हाच बाहेर पडल्या होत्या.

बोर्डी हे तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं गाव, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आणि साल लक्षात घ्या. त्याच १९४५ मध्ये, त्याच भागात, गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करत होत्या. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एकाच वेळी एकाच पट्ट्यात किती बायका काय काय करत होत्या!

बोर्डीत पहिली अडचण अशी आली की बालवाडी तयार, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. आपल्याकडे असं झालं तर आपण म्हणू, युजरच चुकीचा आहे. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. मॉन्टेसरीची साधनं महाग, म्हणून बिया, शिंपले, पानं, मातीचे मणी. अंगणात भरते म्हणून 'अंगणवाडी'. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ गटांत सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत.

पण मला खटकतं ते वेगळंच. यांच्याबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे अनुताई म्हणजे ताराबाईंच्या 'शिष्या'. फार तर 'सहकारी'. वयात १८ वर्षांचं अंतर होतं, ताराबाई शिकवणाऱ्या आणि अनुताई शिकणाऱ्या होत्या, हे मान्य. पण १९४५ ते १९७३ अशी २८ वर्षं दोन बायका एका कामात राहतात, पावसाळे काढतात, पैशाची ओढाताण सोसतात, आणि त्याला मैत्री म्हणायला आपली जीभ रेटत नाही? दोन पुरुष असते तर एव्हाना 'दोन मित्र' म्हणून पाठ्यपुस्तकात धडा आला असता. बाईची मैत्रीण आपल्याला शाळेपुरती चालते. नंतर तिला जाऊ, नणंद, शेजारीण असतात. माझी आई आज ५३ वर्षांची आहे. निवृत्तीनंतर ती आणि तिची बँकेतली मैत्रीण मिळून काहीतरी सुरू करणार आहेत. हे सांगितलं की नातेवाईक हसून विचारतात, "म्हणजे भिशी का?" आईनं परवा एका काकांना शांतपणे सांगितलं, "नाही हो, भाड्याची जागा बघतोय."

असो. १९५७ मध्ये काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध हललं. ताराबाई ६५, अनुताई ४७. पासष्टीला आपली माणसं लिफ्टवाली बिल्डिंग शोधतात. तिथे नवा प्रश्न होता : मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. ताईनं भावंडाला तिथेच ठेवायचं आणि शेजारी वर्गात बसायचं. मुलं गुरं चारायला जातात? मग शाळाच कुरणावर, कुरणशाळा. इतकं सरळ उत्तर सुचायला मुलाच्या घरातलं वेळापत्रक ठाऊक असावं लागतं.

या सगळ्या धबडग्यात अनुताईंनी १९६१ साली बी. ए. केलं. वय ५१. पुढच्याच वर्षी ताराबाईंना पद्मभूषण मिळालं.

ताराबाई ऑगस्ट १९७३ मध्ये गेल्या. अनुताई तेव्हा ६३ वर्षांच्या. कोसबादचं काम त्यांनी पुढे चालवलं. आणि १९८२ मध्ये, ७२ व्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासोबत त्याच डहाणू तालुक्यातल्या आदिवासी मुलांसाठी 'ग्राममंगल' ही आणखी एक नवी संस्था काढली. त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्या गेल्या. संस्था चालू आहे.