उघड्या घरातील कुलूपबंद खोली : लिनक्स आणि फ्लॅश

१/ सन २००६. लिनक्स वापरणाऱ्याच्या संगणकावर बहुतेक सारे खुले होते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असो वा ब्राउझर, सोर्स कोड कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. मात्र यूट्यूबवरील एखादी चित्रफीत पाहायची म्हटले, की या उघड्या घरातील एका कुलूपबंद खोलीशी गाठ पडे. तिचे नाव फ्लॅश.

२/ ही खोली आली कोठून? नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने ब्राउझरला बाहेरून प्लगइन जोडण्याची सोय केली. एचटीएमएलमध्ये तेव्हा चित्रफीत दाखवण्याची स्वतःची व्यवस्था नव्हती. १९९६ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाने फ्यूचरस्प्लॅश हे ॲनिमेशनचे साधन विकत घेतले. तेच पुढे फ्लॅश झाले. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीच्या मालकीची झाली.

३/ त्याच वर्षी विंडोज व मॅकसाठी फ्लॅश ८ आले. लिनक्ससाठी ते कधीच आले नाही. जानेवारी २००७ मध्ये थेट नववी आवृत्ती मिळेपर्यंत लिनक्सकरांना सातवीवरच भागवावे लागले. नवी आवृत्ती मागणारी संकेतस्थळे 'प्लगइन अद्ययावत करा' असे सांगत. करायला मात्र काही उपलब्धच नसे.

४/ दुसरे दुखणे ६४ बिटचे. ६४ बिट ब्राउझर ३२ बिट प्लगइन थेट चालवू शकत नाही. मग ३२ बिट ब्राउझर ठेवा, किंवा 'एनएसप्लगइनरॅपर' या मध्यस्थाच्या आधाराने प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत चालवा. एएमडीचे ६४ बिट प्रोसेसर २००३ पासून बाजारात होते. ६४ बिट फ्लॅशची अधिकृत पूर्ण आवृत्ती आली ऑक्टोबर २०११ मध्ये.

५/ मग स्वतःचा प्लेअर का घडवला नाही? घडवला. ग्नू प्रकल्पाचा नॅश आणि स्वतंत्र असा एसडब्ल्यूएफडेक हे त्याचेच प्रयत्न. परंतु फ्लॅशच्या फाइलरचनेचा अधिकृत तपशील वापरून प्लेअर लिहिण्यास परवान्याने मनाई होती. ती मे २००८ मध्ये उठली. तोवर फाइलींचे वर्तन पाहून आतील रचनेचा अंदाज बांधावा लागे. २००६ मधील ॲक्शनस्क्रिप्ट ३ नंतर तर हे अंतर वाढतच गेले.

६/ या काळाचे मर्म एका प्रसंगात दिसते. २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ वर फ्लॅशचा आवाज खरखरू लागला. लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः शोध घेतला. जीलिबसी या मूलभूत लायब्ररीतील 'मेमकॉपी' हे फंक्शन अधिक वेगवान केले गेले होते. स्रोत आणि लक्ष्य या जागा एकमेकींवर येत असतील तर ते वापरू नये, असा नियम जुनाच. फ्लॅश तो मोडत होते आणि आजवर निभावत होते.

७/ दोष सापडला, दुरुस्तीही ठाऊक होती : 'मेमकॉपी'ऐवजी 'मेममूव्ह'. तरी फ्लॅशमध्ये ती करण्याचा अधिकार ॲडोबीखेरीज कोणालाही नव्हता. अखेर जुन्या प्रोग्रामांसाठी जुने वर्तन राखण्याची तजवीज जीलिबसीलाच करावी लागली. बंद दाराने उघड्या घराला वाकवले ते असे.

८/ फेब्रुवारी २०१२ मध्ये ॲडोबीने जाहीर केले, की लिनक्सवरील नव्या आवृत्त्या यापुढे केवळ गुगल क्रोममधून मिळतील. इतर ब्राउझरांना ११.२ वर फक्त सुरक्षाविषयक दुरुस्त्या. २०१६ मध्ये हा निर्णय फिरला, पण तोवर काळ बदलला होता. एचटीएमएल ५ हे २०१४ मध्ये अधिकृत मानक झाले आणि २०१५ च्या आरंभी यूट्यूबने त्याचाच अंगीकार केला.

९/ ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढला. तेव्हा विंडोजकरांच्याही ध्यानी आले, की हजारो खेळ आणि ॲनिमेशने त्या एकाच खोलीत अडकली आहेत. आज इंटरनेट आर्काइव्ह त्यांतील कित्येक पुन्हा दाखवते, ते रफल या मुक्त स्रोत प्लेअरच्या बळावर. ज्यांना एके काळी दाराबाहेर तिष्ठावे लागले, त्यांच्याच परंपरेने आतला ठेवा राखला.