राखेचे जहाज आणि जुने संगणक

१९८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातून ‘खियान सी’ हे जहाज निघाले. त्यात शहराचा कचरा जाळून उरलेली सुमारे १४,००० टन राख होती. एकेक देश ती नाकारत गेला. १९८८च्या सुरुवातीस जहाज हैतीला लागले आणि कागदोपत्री राखेचे ‘खत’ झाले! सुमारे ४,००० टन किनाऱ्यावर ओतल्यावर खरा प्रकार उघडकीस आला. सरकारने राख परत भरायला सांगितली, पण जहाज निघून गेले. वर्षाअखेर सिंगापूरला दिसले तेव्हा त्याचे नाव बदललेले होते आणि ते रिकामे होते. उरलेली राख समुद्रात गेली होती. हैतीच्या किनाऱ्यावरची राख २००० साली हलली.

अशा प्रकरणांतून २२ मार्च १९८९ रोजी बाझल करार झाला. घेणाऱ्या देशाच्या लेखी संमतीशिवाय घातक कचरा पाठवायचा नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. अमेरिकेने सही केली, पण कराराला अंतिम मान्यता कधीच दिली नाही.

पुढे जुने संगणक निघू लागले, तेव्हा ‘खत’ या शब्दाची जागा ‘दुरुस्तीसाठी’ किंवा ‘देणगी’ या शब्दांनी घेतली. नायजेरियातील लागोस बंदरात २००५च्या सुमारास दरमहा सुमारे ५०० कंटेनर जुना माल उतरे. तिथल्या जाणकारांच्या मते त्यातला पाऊण हिस्सापर्यंत माल निरुपयोगी असे. लागोसचे कारागीर कुशल आहेत, चालू होण्याजोगा संगणक त्यांच्या हाती पडला तर उत्तमच. प्रश्न उरलेल्या ढिगाचा आहे.

चीनमधल्या ग्वीयू गावात असे ढीग फोडले जात. पट्ट्या शेगडीवर तापवून सुटे भाग काढायचे, तारा जाळून तांबे मिळवायचे. डाखात कथिलाबरोबर शिसे असते. शिसे हे मूलद्रव्य. जाळून ते नष्ट होत नाही, फक्त धुरात, राखेत, पाण्यात जाते. (वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.) २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्वीयूच्या लहान मुलांच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. शेजारच्या गावात ते ९.९ होते. संमती कोणाची घ्यायची? कागदावर सही करणारी ही मुले नव्हेत.

१ जानेवारी २०२५ पासून घातक असो वा नसो, सर्वच इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला करारानुसार पूर्वसंमती लागते. चालू यंत्र मात्र कचऱ्यात मोडत नाही. म्हणजे सारा भार आता एका साध्या कामावर येतो: जहाजात चढवण्यापूर्वी प्रत्येक यंत्राची पिन लावून ते चालते का, हे पाहणे. तो वेळ आणि पैसा पाठवणाऱ्याने खर्चायचा आहे.